कारंज्याचा कंट्रोल ग्रुप

"माझ्या अभ्यासातून एकही पेशंट गळणार नाही. लिहून घे."

डॉक्टर अच्युत यांनी हे वाक्य वर्ध्यात, कॉलेजच्या कॅन्टीनमधे, हातात समोसा धरून डॉक्टर देवेंद्रला ऐकवलं. देवेंद्र कॅन्सरवाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर यावरचा त्याचा पेपर इतका गाजला होता, की परदेशातली माणसंही आता 'खर्रा' हा शब्द बिनचूक लिहायला शिकली होती. अच्युत मेंदूवाले. त्यांच्या पेपरचा दाखला आजवर जगात दोघांनी दिला होता. एक ते स्वतः, आणि दुसरा एक गृहस्थ, ज्याला अच्युत चूक आहेत हे दाखवायचं होतं.

"तुझे खर्रेवाले तपासणीच्या दिवशी पानठेल्यामागं लपतात," अच्युत म्हणाले. "माझी कारंज्याची माणसं शब्दाची पक्की आहेत."

"लिहून घेतलं," म्हणत देवेंद्रनं त्यांच्या बशीतली तळलेली मिरची उचलली.

मंगळवारी डॉक्टर कारंज्याच्या केंद्रात पोचले, तर दाराबाहेर रांग होती. नाव कमी करून घ्यायला.

अभ्यास कंपवाताचा. हात थरथरणारी माणसं घ्यायची. अर्ध्यांच्या मनगटाला थरथर आवरणारा नवा पट्टा बांधायचा. उरलेल्या अर्ध्यांना पट्टा नाही, नेहमीच्याच गोळ्या. हा दुसरा गट म्हणजे कंट्रोल ग्रुप. कोण कुठं जाणार ते कॉम्प्युटर ठरवणार. देशात बऱ्याच ठिकाणी हे काम चालू होतं, आणि सगळीकडं तक्रार एकच होती: बिनपट्ट्याची माणसं रुसून निघून जातात. त्यामुळं हैदराबादहून देखरेख करणाऱ्या इलामॅडमनी फोनवर बजावलं होतं, "कंट्रोलवाल्यांना गोडीगुलाबीनं सांभाळा. मी येईन तेव्हा प्रत्येक माणूस आपापल्या गटात दिसला, तर कारंजा अभ्यासात राहील आणि तुमचं नाव पेपरवर येईल. नाहीतर केंद्र बंद."

आणि कारंज्यात कंट्रोलवाले मजेत बसले होते. रांगेत उभे होते ते पट्टेवाले.

सगळ्यात पुढं ओमप्रकाश. हायवेवरच्या ढाब्यांना दूध घालणारा म्हातारा. उजवा हात सारखा हलता, त्यामुळं अर्धा लिटर मागितलं तर पाऊण लिटर पडायचं. ढाबेवाल्यांचा त्याच्यावर फार जीव.

"साहेब, माह्यं नाव कंट्रोलमधून काऊन कापलं?"

"कापलं नाही हो. तुम्हाला पट्टा मिळाला. उलट चांगलं झालं."

"पट्टा काय चाटू? रुख्माबाईले कंट्रोलमधे घेतलं. तिचं दुमजली घर हाय, संत्र्याची बाग हाय. अन् माह्यं पिवळं कार्ड असून मी बाहेर. हे पाहा."

त्यानं खिशातून रेशनकार्ड काढून डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. ते इतकं हलत होतं, की पिवळं आहे एवढंच कळलं. पण डॉक्टरांना तेवढंच पुरे झालं.

इकडं विदर्भात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. डॉक्टरांच्या आईनं जन्मभर कंट्रोलच्या गव्हाला शिव्या दिल्या होत्या. म्हणजे शब्द काही त्यांना नवा नव्हता. पण गव्हाचा कंट्रोल त्यांच्या डोक्यात तळमजल्यावर राहायचा आणि संशोधनाचा वरच्या मजल्यावर, आणि मधे जिना नव्हता. केंद्र सांभाळणारी नमिता कोल्हापूरची. तिकडं रेशन म्हणतात. तिनं बिचारीनं महिनाभर एकेकाला मोठ्यांदा सांगितलं होतं, "अभिनंदन रुख्माबाई, तुम्ही कंट्रोलमधे!"

"वरून अभिनंदन कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोडीगुलाबीनं सांगा म्हणालात ना, सर."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "हे पाहा, हे संशोधन आहे. इथं गहू-तांदूळ काही मिळत नाही."

"हाव, माल आला नसन अजून," ओमप्रकाश समजुतीनं म्हणाला. "गावातले कंट्रोलवाले नानाजीबी हरघडी असंच म्हणते. आमी थांबतो."

रांगेनं माना हलवल्या.

"अरे, तुमच्या नानाजींच्या कंट्रोलमधे जा ना मग."

"तिथं अंगठा लागते, साहेब. माह्या अंगठा मशीनवर थांबतच नाई. मशीन म्हणते हा मानूसच नाई. इथल्या कंट्रोलले म्हने अंगठा लागत नाई."

नाव बदलून पाहिलं. नमितानं 'तुलना गट' अशी पाटी लावली. लोक म्हणाले, दुकानाचं नाव बदललं, लायसन तेच आहे. पट्टेवाले पट्टे काढून टेबलावर ठेवू लागले. इलामॅडम पुढच्या आठवड्यात येणार होत्या.

तेव्हा डॉक्टरांना युक्ती सुचली. येण्याजाण्याचा त्रास म्हणून पेशंटला थोडंफार देता येतं, हे नियमातच होतं. त्यांनी बाजारातून साखरेचं पोतं आणवलं, आणि पट्टा घालून येणाऱ्या प्रत्येकाला किलोभर साखर चालू केली. केंद्रात काटा एकच होता, पेशंटचं वजन करायचा. त्यावर किलोभर साखर काही दिसेना. मग नमिता आधी स्वतः उभी राहायची, मग साखर घेऊन उभी राहायची.

पट्टे परत मनगटावर चढले. एक दिवस शांतता होती.

दुसऱ्या दिवशी रुख्माबाई आली. हात थरथरत होते, आवाज नाही. "डाक्टरसाहेब, कंट्रोलमधे आमी, अन् साखर बाहेरच्याईले वाटून राह्यले तुमी? याले ब्ल्याक म्हनतात."

"बाई, हे कंट्रोल नाही."

"मंग साखर कायची?"

डॉक्टरांनी पोत्याचं तोंड सोडलं. त्यांनी तिलाही किलोभर दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दिली. गावातल्या खऱ्या कंट्रोलचे नानाजी समोरच्या टपरीवर चहा पीत हे सगळं बघत होते. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि गेले.

इलामॅडम आल्या त्या सकाळी केंद्र भरलेलं होतं. एकही पेशंट गैरहजर नाही. बाहेर सावलीला बसून बाया हसत होत्या. देशात कुठं असं दिसलं नव्हतं, इलामॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी देवेंद्रला एक फोटोही पाठवून दिला.

इलामॅडमनी पहिलं नाव पुकारलं, रुख्माबाईचं. तिच्या मनगटाला पट्टा होता.

"तुम्ही तर कंट्रोल ग्रुपमधे ना?"

"व्हती. आता ओमभाऊ हाय."

ओमप्रकाश उठून उभा राहिला. मनगट मोकळं, हातात कार्ड. "हाव. माह्या पट्टा तिले देल्ला, तिचा कंट्रोल मी घेतला. तिले पट्ट्यानं आराम पडते, अन् मले कंट्रोल पायजे. झगडा कायले? आमी आपसात मिटवून घेतलं."

"तुम्ही दोघांनीच?"

"नाई बाप्पा, समद्याईनं. देवळात बसलो, अन् ज्याले जे पायजे ते घेतलं. कॉम्प्युटरले कोनाच्या घरचं काय मालूम?"

इलामॅडमनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर नमिताकडं पाहत होते आणि नमिता पोत्याकडं.

"मॅडम, एक संधी द्या," डॉक्टर म्हणाले. "दुपारपर्यंत प्रत्येकाला आपल्या गटात आणतो. माझी माणसं शब्दाची पक्की आहेत."

"तेच तर," रुख्माबाई म्हणाली. "देवळात शब्द देल्ला आता. बदलत नसते."

तरी इलामॅडम नरमल्या. एवढ्या लांबून आल्या होत्या, आणि गैरहजर कोणी नव्हतं हेही खरंच होतं. दुपारपर्यंत वाट पाहते, तोवर केंद्र बंद करायच्या कागदावर सही करत नाही, म्हणाल्या.

दुपारच्या आत नानाजी आले. सोबत पुरवठा खात्याचे साहेब आणि एक शिपाई. विनापरवाना कंट्रोल चालवून साखर वाटल्याची तक्रार होती. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, हे काय आहे? सगळे एका आवाजात म्हणाले, कंट्रोल. पोतं जप्त झालं. काट्यावर सरकारी शिक्का नव्हता, म्हणून काटाही जप्त झाला. पट्टे काढून आत ठेवायला लावले आणि दाराला सील मारलं. पंचनाम्यावर बाहेरगावच्या एका साक्षीदाराची सही लागत होती, ती इलामॅडमनी केली.