कुत्र्याखालचं घोंगडं

"कुणी काही खायला टाकलं होतं का?" डॉक्टर विजयमालांनी विचारलं.

चतुराबाईनं नाही म्हणून मान हलवली. पालीच्या माळावरच्या वन्यप्राणी केंद्रात ती पिंजरे झाडायची.

आत लांडगी भिंतीला लागून पडली होती. लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त बीडला पाठवलं होतं, निकाल उद्या. मंत्री येणार म्हणून इथल्या फाटकाला रंग लागतो. रक्त बघायचं यंत्र मात्र कुणाला सुचत नाही.

केंद्राचे साहेब युवराज निकाल लावून मोकळे झाले होते. मेंढक्यांनी उंदराचं विष लावलेलं मटण फेकलं म्हणे. चतुराबाईच्या दिराची मेंढरं पलीकडेच बसली होती. पोलिसांना फोनही गेला. लांडग्यानं मेंढरू नेलं तर मेंढक्यांकडे कुत्रं फिरकत नाही. लांडगा पडला की जीप निघते.

मटण कुणी फेकलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी थंड फरशीवर काकडणाऱ्या लंगड्या लांडगीला चतुराबाईनंच घोंगडं अंथरलं होतं, नव्या कोकराला अंथरतात तसं. दिराच्या कुत्र्याखालचं. गोचीड दिसल्यावर गुपचूप काढूनही नेलं. बाहेरची चिंधीसुद्धा आत आणायची नाही, असा इथला नियम. बोललं तर काम जाणार. गप्प बसलं तर दीर कोठडीत जाणार, आणि लांडगी जिवानिशी.

डॉक्टरबाई विषावरचं इंजेक्शन भरू लागल्या. चतुराबाई पिंजऱ्याच्या दारात आडवी आली.

"थांबा बाई. ईष न्हाई ते. म्या घोंगडं आणलं हुतं. लई गोचीड हुते त्यात."

"कावून आणलं? अक्कल हाय का?" साहेब ओरडले.

"गारठली हुती. तुमी न्हाई का खुर्चीवर गादी टाकत?"

डॉक्टरबाई आत शिरल्या, लांडगीचा कान उलटला. तुरीच्या दाण्याएवढे फुगलेले गोचीड दाटीनं चिकटले होते. गोचिडातून रक्तात जंतू जातो नि रक्तच फोडतो, असं त्या म्हणाल्या आणि औषध बदललं. चतुराबाईनं भीत भीत विचारलं, काल बोलले असते तर? त्या पुढची सुई भरू लागल्या.

लांडगी दुपारी गेली. साहेबांनी पोलिसांना येऊ नका सांगायला परत फोन केला, या खेपेला बारीक आवाजात. मग चतुराबाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

शेजारच्या पिंजऱ्यात कालपर्यंत नर असे. गोचीड भिंतीच्या फटींतून सरकत जातात, म्हणून डॉक्टरबाईंनी त्याला सुई टोचून मागच्या खोलीत कोंडलं होतं. तो अजून उभा होता. चतुराबाई सारखी त्याच्या लघवीचा रंग बघून येई, आणि येऊन पुन्हा रिकाम्या पिंजऱ्यांच्या फटीफटीत उकळतं पाणी ओती. हात लालबुंद झाले होते.

"तुला जा म्हणलं ना?" साहेब दारात येऊन म्हणाले.

"उद्यापासून म्हणलात," ती बोलली, आणि खाली बसून पुढची फट शोधू लागली.