वाऱ्यात न उडणारा किल्ट

आमच्या घराण्यात अभिमान बाळगावा अशी एकच गोष्ट आहे: टॉर्किल आजोबांचा किल्ट वाऱ्यात उडत नाही. स्कॉटलंडमधल्या आमच्या ॲबरफेल्डीत वारा सुटला की चर्चच्या पायऱ्यांवर भलेभले पुरुष आपापला चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा एक हात पुढे, एक हात मागे धरून उभे असतात. आजोबा दोन्ही हात मोकळे ठेवून पाइप पेटवतात. त्यांच्या मते हे पूर्वजांचं वजन.

माझं इशबेलशी लग्न ठरलं तेव्हा मी हाच किल्ट घालायचा, हेही ठरलं. दुसरा घातला तर आजोबा येणार नव्हते. अडचण इशबेलच्या आजीची निघाली. इशबेलला एफीआजीनेच वाढवलं, म्हणून हात धरून तिला चर्चमध्ये आणायचा मान तिचाच. आजीने किल्टमधला माझा फोटो बघितला, चष्मा पुसून परत बघितला आणि विचारलं, "हे कुठल्या कुळाचे चौकडे?"

"आमच्याच."

"प्रत्येक कुळाचे चौकडे ठरलेले असतात. तुमचे हिरवे. हे तांबडे, वर पिवळी रेघ. कूळ सांग, नाहीतर मी घरी बसते."

इशबेलने मला बाजूला घेतलं. "स्ट्रुअन, आजी नाही तर मीही नाही. काय ते शोध."

शोधलं. किल्टवाल्याने दुकानातले सगळे नमुने उलगडून दाखवले. सगळ्यात जवळचे चौकडे त्याच्याच बिस्किटांच्या डब्यावर निघाले. बिस्किटांचं कूळ सांगून भागेल का, यावर आम्ही दोघं बराच वेळ गंभीरपणे बोललो.

शेवटी आजोबांनाच किल्ट घालून एफीआजीकडे चहाला नेलं. बसताना त्यांनी रीतीप्रमाणे मागच्या निऱ्या हाताने सारख्या केल्या. तरी लाकडी खुर्चीवर टकटक असा आवाज झाला.

एफीआजीने किटली खाली ठेवली. "उभे राहा जरा."

आजोबा उभे राहिले. आजीने किल्टची कड बोटांनी चाचपली. "किल्टला खाली दुमड नसते. कापडाची मूळ किनारच खाली येते. ही दुमड कशाला? आणि आत शिसं?"

"चहा फार सुरेख झालाय," आजोबा म्हणाले. चहा अजून ओतला नव्हता.

"शिसं पडद्यात घालतात, टॉर्किल. झुळकेने उडू नये म्हणून."

आजोबांनी पूर्वजांची वाट बघितली. कोणी आलं नाही.

"सरोवराकाठच्या हॉटेलात मी हमाली करायचो," ते म्हणाले. "लग्न तोंडावर आलेलं आणि अंगावर घालायला काही नव्हतं. जेवणाच्या दालनात भिंतभर खिडक्या होत्या. डावीकडच्या खिडकीचा पडदा..."

"डावीकडचाच. हे टाके माझे आहेत. तिथे शिवणकाम मी करायचे. चौकडे मालकिणीच्या डोक्यातून निघालेले, त्यांना कूळबीळ काही नाही. पडदा गेला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. फोटो बघितल्यापासून मला एवढंच विचारायचं होतं, की नेला कोणी."

मी इशबेलकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

"मग आजी, तू येणार ना लग्नाला?" मी विचारलं.

"बघू. एक टाका सुटलाय. किल्ट ठेवून जा."

"आत्ता?" आजोबांनी विचारलं.

ते आजीचा झगा घालून घरी आले. वाटेत कोणी काही विचारलं नाही. आमच्या गावात माणसं सभ्य आहेत.

लग्नाच्या दिवशी असा वारा होता की पाहुण्यांपैकी एकाचाही हात हस्तांदोलनाला मोकळा नव्हता. मी, नीट टाके घातलेल्या किल्टमध्ये, हात सोडून पायरीवर उभा. गाडी थांबली. आधी एफीआजी उतरली, मग तिचा हात धरून इशबेल. आजीच्या खांद्यावर शाल होती. तांबडी, वर पिवळी रेघ.

आजोबांनी तोंडातला पाइप काढला. "उजवीकडचा?"

"आळ आलाच होता," आजी म्हणाली. "म्हटलं, फुकट कशाला जाऊ द्यायचा."

तिने इशबेलला आत आणलं, तिचा हात माझ्या हातात दिला आणि माझ्या किल्टची कड एकदा ओढून सरळ केली. दार उघडंच होतं. वारा आत घुसला, मेणबत्त्या विझल्या, पाद्रीबाबांचा झगा डोक्यावर गेला. शालीचं टोक जागचं हललं नाही.