अठरा फूट पाणी

जगदेव कारंज्याच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचा. सत्तावन्न सालच्या उन्हाळी सुट्टीत तो शेलूबाजारजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा नाल्यावरची तलावाची दगडी भिंत पुरी होत आली होती. कामावर मुकादम त्याचाच थोरला भाऊ, रामकिसन. भिंत अठरा फूट उंच आणि वरपासून खालपर्यंत सारखीच दोन फूट जाड. जगदेवने पायथ्याशी जाऊन जाडी हाताने मोजली.

"दादा, खाली रुंद पाह्यजे होती."

"काहून? एवढासा तं तलाव."

जगदेवने तेलाचा रिकामा डबा घेतला, खिळ्याने वर, मधे, खाली तीन भोकं पाडली, आणि दगडांच्या उंच ढिगावर ठेवून पाण्याने भरला. वरची धार जवळच पडली. खालची पार लांब गेली.

"तलाव लहान का मोठा, त्याचं काई नाही. पाणी किती खोल, तेवढाच दाब. अठरा फुटांवर एका चौरस फुटाले साडेतेरा मण रेटा बसते, दादा."

रामकिसन हसला. "तुही शाळा कारंज्याले भरव. मी वीस वर्सापासून हेच काम करून राह्यलो."

मजुरांदेखत थोरल्या भावाचा पाणउतारा नको, म्हणून जगदेव गप्प बसला. वाशीमच्या कचेरीत अर्ज द्यावा, असं त्याच्या मनात आलं. दोन ओळी लिहिल्याही. मग शाळा सुरू झाली आणि अर्ज राहिला.

श्रावणात तलाव काठोकाठ भरला आणि एका भर दुपारी भिंत पायथ्यातून फुटली. खालच्या तांड्यातल्या सात झोपड्या गेल्या. तिथलीच रूपाबाई शेळ्या घेऊन टेकाडावर होती, म्हणून वाचली. तिचा नवरा सेवादास आणि सासू दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेले सापडले.

जगदेव तांड्यात गेला. रूपाबाईने त्याला बस म्हटलं नाही.

"तुमी डब्याले भोकं पाडली तवा मी तिथंच दगडं वाहत होती, मास्तर. मले वाटलं, शिकलेला माणूस हाय, आता काई तरी करन."



चौकशीला तहसीलदार आले. चावडीवर सगळा गाव जमला. "भिंतीत दोष आहे, हे आधी कोणाला कळलं होतं?" त्यांनी विचारलं. रामकिसन जगदेवकडे बघत होता. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती.

जगदेव उठला. "मले कळलं होतं साहेब. दादाले सांगतलंही होतं. त्यानं ऐकलं नाही, अन् मी पुढं कोणालेच सांगतलं नाही. दोन्ही लिहून घ्या."

रामकिसनला दोन वर्षांची सजा झाली. जगदेवला कोणी काहीच केलं नाही, नोकरीही राहिली.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा वहिनी, मनकर्णाबाई, उंबऱ्यातच उभी राहिली.

"भावजी, खरं बोलले तुमी. पण आता या घरात येऊ नका."

 तो पिशवी उचलून मोटार धरायला शेलूबाजारकडे चालू लागला. तांड्याजवळून जाणारी वाट जवळची होती. तो लांबच्या वाटेने गेला.