रक्ताच्या आधी हात

वेल्डरने बायकोच्या तोंडावर सलाईनचा स्टँड हाणला तेव्हा वॉर्डात सकाळचा चहा चालू होता. दात निखळून तिच्या तळहातावर आला. दोन ब्रदर धावले. एकाचं नाक त्याने कोपराने फोडलं, दुसऱ्याच्या दंडाला कडकडून चावला. शेवटी चौघांनी मिळून त्याचे हातपाय खाटेला बांधले, तरी शिव्यांची लाखोली चालूच.

"मीच मध्ये आले. चुकून लागलं त्यांचं," बायको सवयीने म्हणाली. कपाट, दार, जिना, घरातल्या मुक्या वस्तूंवर आळ घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. वेल्डरचं लिव्हर दारूने दगड झालेलं. रक्त त्यातून पुढे सरकेना, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटायच्या. तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी लिव्हरमधूनच एक नळी टाकून रक्ताला वाट करून दिली होती. नळी रुंद, तर शिरा वाचतात, पण न गाळलेलं विष मेंदूत चढतं. अरुंद केली तर डोकं ठिकाणावर येतं, शीर मात्र पुन्हा फुटू शकते.

"पुन्हा रक्त जाण्याचा धोका शंभरात आठ," बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे कमीच. नळी मोठी पडतेय, म्हणून हा तमाशा. अकरा वाजता अरुंद करू. इथे सही करा."

तिने पेन घेतलं.

दारू सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत एरवी त्याने मुंगीलासुद्धा दुखवलं नव्हतं. हात उचलला तो दोनदाच. पहिल्यांदा तिचं डोकं भिंतीवर आपटलं, दुसऱ्यांदा पाठीत स्टूल मोडलं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. चोरून प्यायला असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि तोंड मिटलं. नळी टाकण्याआधी बाईंनी खोदून विचारलं होतं, वागण्यात काही फरक? तेव्हा ही म्हणाली होती, "छे हो, देवमाणूस आहे."

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"ताई, उद्या तो तुमचा जीव घेईल."

"ते मारतात आणि मग रक्त ओकतात. दोनदा झालंय." तिने पाठीवरचा जुना वण दाखवला. "मी जिन्यावरून पडले नव्हते."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" बाई कडाडल्या.

"लाज वाटली."

बाईंनी हातमोजा चढवून तिथल्या तिथे गुदद्वारात बोट घालून त्याला तपासलं. बोट डांबरासारखं काळं होऊन बाहेर आलं. आत रक्त आधीच सुरू झालं होतं, तेच आतड्यात कुजून त्याच्या डोक्यात भिनलं होतं. "नळी मोठी कुठली, बुजलीये ती!" बाई ओरडल्या. तेवढ्यात वेल्डरने पाठीची कमान केली. रक्ताचा लोट भिंतीवर आदळला, बाईंच्या तोंडावर उडाला, पट्ट्यांत अडकलेला तो त्या रक्तातच गुदमरू लागला. ब्रदरनी त्याला कुशीवर वळवलं आणि खाटच पळवत नेली. बायको हातात दात घेऊन भिंतीशी बसून राहिली. तिला मोठ्याने रडायचं होतं, पण रडूच येईना.

नळीतली गुठळी निघाली. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. मनगटांवर पट्ट्यांचे वळ होते. त्याने बायकोच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"दात कुठे गेला गं? परत जिन्यावरून पडलीस?"

जिना तिच्या ओठावर तयारच होता. खाटेच्या पायथ्याशी डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत उभ्या होत्या.

"तुम्ही पाडलात," ती म्हणाली. "ते जिनेही तुम्हीच होतात."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. बाईंनी धोक्याचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"कधी कधी मारलं? तारखा सांगा."

तिला सगळ्या पाठ होत्या.