नाव न घातलेली बातमी

मी एक जुने छापयंत्र आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. मुंबईच्या कारखान्यात जन्मले, आगबोटीतून या किनाऱ्यावर उतरले आणि नानांच्या साप्ताहिकाच्या कामाला लागले. नानांचा कामगार सांतान शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि मला पायाने चालवायचा. 'गावची बातमी वाचून बरे वाटले,' असे चाकरमानी मुंबईहून कळवत, तेव्हा माझा ऊर भरून येई. पण बातमी आणणाऱ्याकडे मी नेहमी वाकड्या नजरेनेच पाहिले.

१९५८ साली एका सकाळी नानांना बातम्या आणून देणारा रविकांत आला. मिठबावची मासळीवाली सुगंधा आणि तिचा नवरा यांचा कोर्टात दावा चालू होता. त्यांची नऊ वर्षांची मथुरा कुणाकडे राहणार, एवढाच प्रश्न होता. न्यायाधीश साहेबांनी मथुरेला एकटीला आत नेऊन, दार लावून विचारले होते. ती काय म्हणाली, ते रविकांत घडाघडा सांगू लागला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दार बंद होते, मग याला कसे कळले? खिडकीखाली विडी ओढत बसलो होतो, असे त्यानेच पुढे हसत सांगितले. मला त्या हसण्याचा राग आला.

नानांनी मुलीचे नाव गाळले. 'मिठबावच्या एका मासळीवालीची मुलगी' असे घातले आणि तिचे बोलणे मात्र शब्दन्‌शब्द ठेवले. छापलेला पहिला कागद दोरीवर वाळत होता, तेवढ्यात सुगंधा टोपली घेऊन दारात आली. मथुरा सोबत होती. ती नुकतीच वाचायला शिकलेली, दिसेल ते अडखळत वाचायची.

"म-ला बा-बां-ची भी-ती वाटते..." ती थांबली. "आये, ह्यां माझां आसा! कोणाक सांगूचंय नाय, असां सायबान सांगलेल्यान."

"अगो, तुझां नाव खंय आसा त्यात?" नाना म्हणाले.

सुगंधाने टोपली खाली ठेवली. "नाना, मिठबावात कोर्टात गेलली मासळीवाली मीच एकटी. चतुर्थीक ह्या चेडवाक बापाशीकडे धाडूचां आसा. ह्यां वाचून तो तेका काय करतलो?"

नाना जुळवलेल्या खिळ्यांकडे वळले. मग म्हणाले, "सांताना, काढ रे तां."

तरी माझा विश्वास बसेना. शेवटचा खिळा खोक्यात पडेपर्यंत मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले. दोरीवरचा कागद सुगंधाने चुलीत घालायला नेला. त्या आठवड्याचा अंक कोरा कोपरा घेऊन निघाला.

आता विजेचे यंत्र आले आहे. मी पडवीत गंजते, माझ्यावर कोंबड्या बसतात. कुणी तेल घालावे असे वाटते, पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन बातम्या लिहाल. लहान मुलाने भिऊन, विश्वासाने सांगितलेले त्याचेच राहू द्या. नुसते नाव गाळून भागत नाही.

त्या वेळचे एक सांगायचे राहिले: कोर्टाच्या पुढच्या तारखेला मथुरा आली ती आमच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सांतानने तिच्यापुढे पेरू धरला आणि मायेने विचारले, "कितवीत गो तू?"

तिने हात मागे घेतला. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"पेपरात छापूचास नाय मां?"