गोष्टीला हूं

पारशिवनी गावाकडे गोष्ट सांगायची तर समोरून कुणीतरी हूं म्हणायलाच हवं. हूं थांबला की गोष्ट थांबली. प्रेमिलाबाईंच्या गोष्टीला हा हूं लग्नापासून महादेवरावांचा. आता त्यांच्या डोक्यातून सगळंच निघून गेलं होतं, मुलाचं नावसुद्धा. पण बायकोने गोष्ट काढली की हूं बरोब्बर जागेवर यायचा. नवराबायकोत बोलणं म्हणून तेवढंच उरलं होतं आणि बाई त्यावरच दिवस काढत होत्या.

मुलाने, सुशीलने, आईच्या हरवलेल्या करडाच्या गोष्टीवर अख्ख्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहिलं. करडाची बासरी, शेळीचा चेलो, वाघाचे ढोल. आणि निवेदन आईचं. बाई हरखून गेल्या. पण नंदनवन वस्तीतल्या घरी सराव सुरू झाला तशी सुशीलच्या कपाळाला आठी पडली.

"आई, बाबा मधामधात हूं म्हणून राहिले वं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, सगळं बिघडन."

"मंग त्यायले घरी ठेवू काय?"

"आण ना. फक्त चूप बसव."

लेकाच्या कौतुकापुढे बाईंना दुसरं काही दिसेना. नवऱ्याने हूं म्हटलं की बाई त्यांचंच बोट उचलून त्यांच्या ओठांवर ठेवायच्या. रोज. आता नवीन काही त्यांच्या लक्षात राहणार नाही, असं डॉक्टर म्हणालेच होते.

कार्यक्रमाला महादेवराव पहिल्या रांगेत बसले. बाई माइकपुढे आल्या, "एक होती शेळी," म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या. हूं आला नाही. सुशीलची छडी हवेत थांबली, चेलोवाला बाईंकडे बघू लागला. बाईंनी खाली पाहिलं. महादेवराव ओठांवर बोट ठेवून शहाण्या पोरासारखे ताठ बसले होते. पुढचं वाक्य हातातल्या कागदावर होतं म्हणून बाईंना वाचता आलं. बाकीचीही वाचली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. सुशील सगळ्यांदेखत आईच्या पाया पडला.

घरी येताच बाईंनी नवऱ्याला पलंगावर बसवलं. "एक होती शेळी."

बोट ओठांवर गेलं.

"अहो, म्हणा ना. आता चालते." त्यांनी ते बोट खाली ओढलं, दोन्ही हातांत घट्ट धरलं. सोडलं की परत वर. स्वतःचा इतका राग बाईंना जन्मात आला नव्हता.

दारातून सुशील हळूच म्हणाला, "हूं."

"तुहा नको गा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.