लातिरचा लेक

जोआल या कोळ्यांच्या गावातल्या वाळूच्या मैदानावर गोल झाला की बिराम भोंग्यातून गोल करणाऱ्याच्या बापाचं नाव घ्यायचा. बाप जिवंत असो वा समुद्रात गेलेला, नाव बापाचंच. तशी रीतच होती. त्यामुळे जेगान सारला आपला बाप भेटला तो या भोंग्यातच. "लातिरचा लेक! लातिरच्या लेकानं जाळं फाडलं रे!" बिराम ओरडायचा, आणि दोन गल्ल्या पलीकडे धुरावर मासे भाजणारी त्याची आई यांदे हातातलं काम थांबवून ऐकायची.

लातिरची होडी बुडाली तेव्हा जेगान पावणेदोन वर्षांचा होता. रीतीप्रमाणे यांदेनं धाकट्या दिराच्या, वालीच्या, घरी नांदायला जायचं. ती गेली नाही. "मासे भाजून पोट भरीन," म्हणाली, आणि अठरा वर्षं धूर खाऊन तिनं ते करून दाखवलं.

जेगान बारा वर्षांचा असताना बासे कोचनं त्याला आपल्या संघात घेतलं. पोराच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. कोचनं कोर्टात दोन साक्षीदार उभे केले आणि न्यायाधीशांकडून दाखला करून घेतला. त्यात वय तीन वर्षांनी कमी. किनाऱ्यावरच्या पोरांचं एक वय घरचं असतं, एक मैदानावरचं. त्यात कुणालाच काही वाटत नाही. नऊ नंबरचा शर्ट घालून जेगान आपल्याहून लहान पोरांना चकवत राहिला. दोन हंगामांत एकतीस गोल. विसाव्या वर्षी, म्हणजे कागदावरच्या सतराव्या, बेल्जियमच्या एका क्लबनं त्याला चाचणीसाठी बोलावलं.

व्हिसाच्या खिडकीपाशी गाडं अडलं. सतरा वर्षांचा म्हणजे अल्पवयीन. बापाची संमती हवी. बाप हयात नाही हे दाखवायला कोचनं लातिरच्या मृत्यूचा दाखला पुढं सरकवला. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले, बोटांवर महिने मोजले आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "बाप गेल्यावर सव्वा वर्षानं हा जन्मला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं यांदेच्या अंगणात बसले. चहाची तिसरी फेरी उकळत होती, पण पहिल्याच फेरीचे पेले अजून भरलेले होते.

"खरं वय सांगून टाकू," जेगान म्हणाला.

"सांग की," कोच म्हणाला. "मग खोट्या दाखल्यावर खेळलास म्हणून दोन वर्षं मैदानाबाहेर बस. त्यानंतर बेल्जियमवाले तुला काय चहाला बोलावणार आहेत?"

"मग करायचं काय?"

कोच पेल्यात पाहत बोलला. "दाखल्यातलं बापाचं नाव बदलायचं. जिवंत माणसाचं घालायचं, तो संमती देईल. आडनाव तेच राहिलं तर उत्तम." त्यानं वालीकाकाकडं पाहिलं.

वालीकाका खाकरला. "माझी काही हरकत नाही. पण ते वहिनीला कोर्टात सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?" यांदेनं विचारलं. वालीकाकानं पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. "बरं, मीच म्हणून बघते. नवरा बुडून सहा महिने होताहेत तोवर मी दिराजवळ गेले. लग्नाशिवाय." आणि ती चक्क हसली. "भावजी, त्यापेक्षा तेव्हाच रीतसर आले असते की हो. उगाच एवढा धूर खाल्ला."

वालीकाकाला कुठं पाहावं कळेना.

"आई, नको," जेगान म्हणाला.

"तू गप. तू तिकडं गोल कर. इथं कोण काय बोलतं ते मी बघते. बुडालेल्या माणसाला लाज नसते."

सोमवारी यांदे ठेवणीतला निळा झगा घालून कोर्टात उभी राहिली. बाकांवर कागदांसाठी आलेली निम्मी ओळखीचीच माणसं होती, त्यात बिरामची बायकोही. यांदे मोठ्यानं बोलली, कुणाला पुन्हा विचारायला लागू नये इतक्या मोठ्यानं. "हा वालीचा मुलगा." मागं कुणीतरी जिभेनं च्यक् केलं. वालीकाकानं मान डोलावली, साक्षीदारांनी डोलावली. न्यायाधीशांनी शिक्का उचलला आणि वर न पाहताच विचारलं, "पोरा, तुझं नाव? बापाचं नाव?"

"जेगान सार. बाप लातिर सार."

शाळेत, संघाच्या यादीत, दवाखान्यात हेच उत्तर त्यानं इतक्यांदा दिलं होतं की ते त्याच्याआधीच बाहेर पडलं. मुद्दाम म्हणाला असता तर निदान ताठ मानेनं उभा तरी राहिला असता.

शिक्का खाली ठेवला गेला. "आई एक सांगते, पोरगा दुसरंच. आधी घरी ठरवा." पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. चाचणी अकरा दिवसांवर होती.

कोर्टाच्या पायऱ्या उतरून कोच तडक निघून गेला.

"आई, तोंडातून गेलं गं."

"माझ्याही तोंडातून गेलंय," यांदे म्हणाली. "मी मान खाली घातली होती ना? मग ती वर करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

घरापर्यंत ती त्याच्या पुढं चार पावलं चालत राहिली.

रविवारी गल्लीचा सामना होता. जेगान खेळला, दुसरं करण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं. उत्तरार्धात डावीकडून आलेला चेंडू त्यानं छातीवर घेतला, एकाला चकवलं आणि कोपऱ्यात मारला. पोरं त्याच्या अंगावर धावली. बिरामनं सवयीनं भोंगा तोंडाला लावला आणि तसाच धरून राहिला. झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांकडं त्यानं पाहिलं. म्हातारे वाळूकडं पाहत होते.

"गोल," बिराम अखेर म्हणाला. "नऊ नंबर."

दोन गल्ल्या पलीकडून धूर वर येत होता. तिथवर भोंगा नेहमीच स्पष्ट ऐकू जायचा. जेगाननं पोरांचे हात अंगावरून काढले आणि तो मधल्या रेषेकडं चालू लागला.